ब्रॉयलरच्या खाद्यात ज्वारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरिपाची ज्वारी काढणीला आली की परतीचा पाऊस हमखास गाठतो. कणसं भिजतात, दाणे काळवंडतात, आणि माणसाच्या खाण्यातून उतरलेला तो माल कोंबडीखाद्याच्या व्यापाऱ्याकडे वळतो. इकडे मक्याला इथेनॉलवाल्यांची मागणी वाढल्यापासून पोल्ट्रीवाला पर्याय शोधतच असतो. खाद्य स्वतः दळून-मिसळून घेणाऱ्या ब्रॉयलर उत्पादकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना खाद्य कंपनीकडून येतं, तरी आपल्या पक्ष्याच्या पोटात काय जातंय हे त्यांनाही माहीत असावं.

ज्वारी मक्याची जागा घेऊ शकते का?

घेऊ शकते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात ज्वारी हे उन्हाळ्यातलं मोठं पीक आहे आणि तिथले ब्रॉयलर वर्षानुवर्षं गहू आणि ज्वारीवर वाढतात. तेव्हा ज्वारी चालते की नाही हा वाद संपलेला आहे. पुढचा प्रश्न महत्त्वाचा : कुठली ज्वारी, कशी दळलेली, किती तापवलेली आणि सोबत काय घातलेली? आपल्याकडे ज्वारीला नावं ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पोत्यामागे पोतं अशी अदलाबदल केलेली असते. फॉर्म्युला तोच, फक्त मक्याच्या जागी ज्वारी. त्यात पक्षी मागे पडणारच.

तूट नेमकी कशाची पडते?

सरासरी तक्त्यांप्रमाणे मक्यात कोंबडीला मिळणारी चयापचय ऊर्जा किलोला सुमारे ३,३५० किलोकॅलरी असते, तर साधारण ९ टक्के प्रथिनांच्या ज्वारीत सुमारे ३,२९०. हा फरक फार नाही. लायसिन हे अमिनो आम्ल मक्यात ०.२६ टक्के, ज्वारीत ०.२१ टक्के. मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल ०.१८ विरुद्ध ०.१६. लिनोलेइक आम्ल हे गरजेचं मेदाम्ल मात्र निम्म्यावर येतं : मक्यात २.२ टक्के, ज्वारीत १.१ टक्क्याच्या आसपास.

एक टन खाद्यात २०० किलो मका काढून २०० किलो ज्वारी घातली असं धरू. ऊर्जेची तूट सुमारे १२,००० किलोकॅलरी. एक किलो तेल साधारण ८,८०० किलोकॅलरी देतं, म्हणजे टनामागे सव्वा ते दीड किलो तेल जास्तीचं घालावं लागेल. सोयाबीन तेल घातलं तर लिनोलेइक आम्लाचीही काही भरपाई त्यातच होते. लायसिनची तूट १०० ग्रॅमची. बाजारातल्या लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये ७८ टक्के लायसिन असतं, म्हणून ते सुमारे १३० ग्रॅम लागेल. मेथिओनिन ४० ग्रॅम. आर्जिनिनही ज्वारीत थोडं कमी आहे, पण सोया पेंड पुरेशी असेल तर ते अडत नाही.

हे आकडे सरासरी मालाचे आहेत. तुमच्या लॉटचे आकडे प्रयोगशाळेतून आलेले असतील तर हिशेब त्यावरच करा.

आमच्या ज्वारीत प्रथिनं १२ टक्के निघाली. मग सोया पेंड कमी करू का?

नका करू. या हिशेबात फसणारे खूप जण पाहिले आहेत. ज्वारीतल्या प्रथिनांचा निम्म्याहून अधिक वाटा काफिरिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि काफिरिनमध्ये लायसिन जवळपास नसतंच. दाण्यातली प्रथिनं वाढतात तेव्हा मुख्यतः हे काफिरिनच वाढतं. कागदावर क्रूड प्रोटीन चढतं, पक्ष्याला लागणारं लायसिन मात्र त्या प्रमाणात चढत नाही. उलट ऊर्जा घटते : १० टक्क्यांहून जास्त प्रथिनांच्या ज्वारीची ऊर्जा तक्त्यांत ३,२१० च्या आसपास दिलेली असते. ज्वारी घ्यायची ती ऊर्जेसाठी. प्रथिनांचा हिशेब पचणाऱ्या अमिनो आम्लांवर करा.

लाल ज्वारीत टॅनिन असतं, पांढरीत नसतं. हे बरोबर ना?

अर्धवट बरोबर. टॅनिन म्हणजे दाण्यातलं तुरट द्रव्य. ते दाण्याच्या वरच्या रंगात नसतं. साल आणि आतला पिठाळ भाग यांच्यामध्ये काही वाणांत एक गडद थर असतो, त्याला बीजावरण म्हणू. घट्ट टॅनिन त्या थरात असतं. थर नसेल तर दाणा बाहेरून विटकरी लाल असला तरी टॅनिन नाही. अमेरिकेत पिकणारी बहुतेक लाल ज्वारी अशीच टॅनिनमुक्त असते. याउलट, सालीचा रंग फिका पण आत थर आहे, असंही होतं. आपल्याकडची खाण्याची पांढरी-मोतिया ज्वारी बहुतेक टॅनिनमुक्त असते. पूर्व आफ्रिकेत पाखरांचे थवे पीक फस्त करतात, म्हणून तिथे तुरट, टॅनिनवाले वाण मुद्दाम लावतात. जी ज्वारी पाखरू टाळतं ती कोंबडीलाही मानवत नाही, एवढं लक्षात ठेवा.

टॅनिन प्रथिनांना आणि पाचक रसांना धरून ठेवतं. प्रथिनं न पचता विष्ठेवाटे जातात, वाढ खुंटते. टॅनिन खूप असेल तर ब्रॉयलरचे पाय वाकडे होण्याचे प्रकारही नोंदले गेले आहेत.

तपासणी दुकानाच्या पायरीवर करता येते. पोत्याच्या तोंडाशी, मध्यात आणि तळाशी हात घालून मूठमूठ दाणे काढा, एकत्र करा. त्यातले वीसेक दाणे घेऊन ब्लेडच्या टोकाने किंवा नखाने साल हलकेच खरवडा. सालीखाली लगेच पांढरा किंवा पिवळसर भाग दिसला तर ठीक. सालीखाली तपकिरी-जांभळट पापुद्रा लागला तर तो टॅनिनचा थर. काळ्या पडलेल्या मालात बुरशीचा डाग आणि थर यांत गफलत होते. अशा वेळी ब्लीचची चाचणी करा. काचेच्या भांड्यात थोडे दाणे, त्यावर घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट आणि त्यात थोडा कॉस्टिक सोडा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, डोळे सांभाळा. दोन्ही पदार्थ कातडी भाजतात. साल विरघळते. थर असलेले दाणे काळेभोर दिसतात, नसलेले पांढरे पडतात. शंभरात काळे किती ते मोजा. पिल्लांच्या खाद्यासाठी एकही काळा दाणा नको. फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, चार-पाच निघाले तर ती ज्वारी कमी प्रमाणात वापरता येते. त्याहून जास्त निघाले तर तो माल ब्रॉयलरसाठी उचलू नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी.

पावसात काळी पडलेली ज्वारी घालावी का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण खाद्यात येणारी आपली बरीचशी ज्वारी हीच असते. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं आणि त्यानंतर लवकर येणाऱ्या हायब्रीडांनी खरिपात जम बसवला. उत्पन्न वाढलं, पण हे वाण पाऊस संपायच्या आत पक्व होऊ लागले. दाणा भरताना आणि पक्व झाल्यावर पाऊस लागला की कर्व्हुलेरिया, फ्युजेरियम, अल्टरनेरिया अशा बुरशी दाण्यावर चढतात. रब्बीची ज्वारी कोरड्या दिवसांत तयार होते, म्हणून ती पांढरीशुभ्र राहते.

काळेपणाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका. पहिल्यात फक्त सालीवर काळसर-करडी छटा असते, दाणा टणक असतो, दाताखाली कट्ट वाजतो, आतून पांढरा निघतो. असा माल विषांशाची तपासणी करून, साल काढून किंवा तसाच, मर्यादित प्रमाणात वापरता येतो. दुसऱ्यात दाणा हलका, चिमटीत भुगा होणारा, गुलाबी किंवा पांढऱ्या तंतूंनी भरलेला असतो आणि पोतं उघडताच कुबट वास येतो. गुलाबी झाक बहुधा फ्युजेरियमची. तो माल परत पाठवा.

डोळ्यांनी बुरशी दिसते, विष दिसत नाही. फ्युजेरियम फ्युमोनिसिन तयार करते, तर साठवणीत अ‍ॅस्परजिलस वाढली तर अफ्लाटॉक्सिन. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरी खाऊन माणसांना पोटदुखी आणि जुलाब झाले, आणि त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. माणसांना जे बाधलं ते पंधरवड्याच्या पिल्लाला बाधणार नाही असं मानू नका. अफ्लाटॉक्सिनने यकृत सुजतं, प्रतिकारशक्ती उतरते, लसीकरण नीट लागत नाही. ब्रॉयलर खाद्यासाठी भारतीय मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची कमाल मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. पिल्लांच्या खाद्यात त्याच्याही खूप खाली राहा.

टॉक्सिन बाइंडर घातला किंवा पेलेट केलं की बुरशीचं विष जातं ना?

नाही. पेलेट म्हणजे वाफ देऊन, दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, आणि बाइंडर म्हणजे विष धरून ठेवायला घातलेला पदार्थ. पेलेट मशिनच्या उष्णतेने बुरशी आणि जिवाणू बरेच मरतात, पण अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन त्या तापमानाला तसेच राहतात. मातीवर आधारित बाइंडर अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरतात, फ्युमोनिसिनवर त्यांचा भरवसा नाही. बाइंडर उरलासुरला धोका कमी करण्यासाठी आहे. खराब माल खपवायला त्याचा वापर करणं म्हणजे पक्ष्यांशी आणि खाणाऱ्याशीही खेळ आहे.

ज्वारीने ‘किराळ’ लागते म्हणतात. कोंबड्यांना लागेल का?

जनावरांना किराळ लागते ती कोवळ्या, पाण्याच्या ताणावर असलेल्या ज्वारीच्या पाल्याने, त्यातल्या हायड्रोसायनिक आम्लामुळे. वाळलेल्या पक्व दाण्यात ते नगण्य असतं. मोड आलेल्या ज्वारीचे कोंब मात्र वेगळे. कोंबांत हे द्रव्य तयार होतं. शेतातच कोंब फुटलेला माल पिल्लांच्या खाद्यात नको.

ज्वारी पांढरी, स्वच्छ, टॅनिन नाही, बुरशी नाही. तरी वजन मक्याइतकं का येत नाही?

याची दोन कारणं दाण्याच्या घडणीतच आहेत. ज्वारीच्या दाण्यात बाहेरचा भाग कणखर, काचेसारखा असतो आणि आतला पिठाळ, भुसभुशीत. कणखर भागात स्टार्चचे कण काफिरिनच्या जाळ्यात घट्ट बसलेले असतात. पाचक रस स्टार्चपर्यंत पोचायला आधी ते जाळं तुटावं लागतं, आणि काफिरिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असल्याने ते सहज तुटत नाही. ब्रॉयलरच्या पोटातून खाद्य फार झटपट पुढे सरकतं, त्यामुळे जे हळू पचतं त्याचा काही भाग वाया जातो. दाणा जितका काचेरी, तितकी ही अडचण जास्त.

दुसरं कारण फायटेट. ज्वारीतल्या स्फुरदाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. कोंबडीला तो मिळत नाही, शिवाय फायटेट कॅल्शियम आणि प्रथिनांनाही धरून बसतं. यावर फायटेज एन्झाइम हा चांगला इलाज आहे. ते घातल्यावर डीसीपी (स्फुरदासाठी घालतो ते डायकॅल्शियम फॉस्फेट) किती कमी करायचा हे एन्झाइमच्या पत्रकाप्रमाणे ठरवा, अंदाजाने नको.

दळण किती बारीक हवं?

मक्यासाठी हॅमर मिलला लावलेली पाच-सहा मिलिमीटरची चाळणी ज्वारीला तशीच ठेवू नका. ज्वारीचा दाणा लहान असतो. मोठ्या भोकांतून बरेच दाणे अर्धे-अख्खे निसटतात आणि मॅशमध्ये, म्हणजे गोळ्या न केलेल्या खाद्यात, ते तळाला बसतात. पक्षी वरचं वेचून खातो आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळाच फॉर्म्युला जातो. ज्वारीला तीन मिलिमीटरच्या आसपासची चाळणी लावून बघा.

पीठही करू नका. पीठ चोचीला चिकटतं, धुरळा उडतो, आणि जाडसर कणांवर काम करून बळकट होणारी पक्ष्याची गिरणी, म्हणजे पेषणी, ढिली राहते. पेषणी चांगली चालली तर खाद्य वर-खाली घोळलं जातं, रस मिसळतात, आणि ज्वारीसारखं हट्टी धान्यही बरं पचतं. दळण हातावर घेऊन चोळा : बारीक रव्यासारखं लागावं, अख्खा दाणा दिसू नये, तळहात पिठाने पांढरा होऊ नये. हातोड्या झिजल्या की एकाच चाळणीतून पीठही पडतं आणि अख्खे दाणेही. दळण बिघडलं तर आधी हातोड्या बघा.

पेलेट करताना वाफ किती द्यावी? जास्त तापवलं की पचन सुधारतं का?

ज्वारीच्या बाबतीत उलटं होऊ शकतं. ज्वारीच्या स्टार्चला फुलायला मक्यापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून वाफेचं तापमान वाढवण्याचा मोह होतो. पण ओल आणि उष्णता एकत्र आली की काफिरिनचे गंधकबंध आणखी घट्ट होतात आणि ते कमी पचतं. माणसाच्या अन्नातही हेच दिसलं आहे. ज्वारी पाण्यात शिजवल्यावर तिच्या प्रथिनांची पचनीयता घटते. सिडनी विद्यापीठाच्या पोल्ट्री रिसर्च फाउंडेशनने ज्वारीवर बरीच वर्षं काम केलं, त्यात काफिरिन, फायटेट आणि दाण्यातली फेनॉल द्रव्यं हे तीन अडथळे पुढे आले, आणि वाफेच्या तापमानाचाही त्यांनी अभ्यास केला.

पेलेट तरीही करावं. पेलेट खाताना पक्ष्याची मेहनत वाचते, सांडलवंड कमी होते, वेचून खाणं थांबतं. हा फायदा काफिरिनच्या तोट्यापेक्षा मोठा आहे. माझं मत असं, की निर्जंतुकीकरणासाठी आणि पेलेट टिकण्यासाठी लागतं तेवढंच तापवा, ९० अंशांच्या वर नेऊ नका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने चुरा जास्त पडतो. त्यावर वाफ वाढवण्यापेक्षा डायची (गोळ्या पाडणाऱ्या साच्याची) जाडी, दळण आणि बाइंडिंग बघा. गहू स्वस्त असेल तर थोडा मिसळा.

सोडियम मेटाबायसल्फाइट घातल्याने ज्वारी चांगली पचते असं ऐकलं. घालू का?

गंधकबंध तोडणारं हे रसायन प्रयोगांत उपयोगी ठरलं आहे. पण सल्फाइटमुळे थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं. पशुपोषण तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय घरच्या मिक्सरमध्ये ते टाकू नका.

ज्वारीने लिटर ओलं होतं का?

लिटर म्हणजे शेडमधलं तुसाचं अंथरूण. चांगल्या ज्वारीने ते ओलं होत नाही. गहू-बार्लीतले आतड्यात चिकट होणारे पदार्थ ज्वारीत कमी असतात. लिटर ओलं झालं तर पाण्याचे निपल, खाद्यातलं मीठ, कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी आणि बुरशी हे चारही तपासा.

अख्खी ज्वारी टाकली तर?

गावरान कोंबड्यांना आपण टाकतोच. ब्रॉयलरला पहिल्या तीन आठवड्यांत नको. पुढे थोड्या प्रमाणात देता येते, पण पक्षी दाणे वेचतात आणि पेंड आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण) मागे ठेवतात, म्हणून उरलेलं खाद्य त्या हिशेबाने दाट करावं लागतं. एवढी बारकाई जमणार नसेल तर दळूनच द्या.

मांसाचा रंग फिका पडेल का?

पिवळा रंग देणारं झँथोफिल मक्यात असतं, ज्वारीत जवळपास नसतं. ज्वारी वाढली की पाय, चोच आणि चरबी फिकट होते. पोषणाला त्याने काही बाधा नाही. कातडी काढून विकणाऱ्या दुकानदाराला फरक पडत नाही, पण पिवळे पाय बघून पक्षी उचलणारं गिऱ्हाईक असेल तर निम्मा मका ठेवा किंवा झेंडूच्या फुलांचा अर्क वापरा.

कुठल्या वयात किती घालावी?

टॅनिन नसलेली, कोरडी, तपासलेली ज्वारी असेल तर माझा सल्ला असा. प्री-स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं अगदी सुरुवातीचं खाद्य, मक्यावरच ठेवा. त्या दिवसांत पिल्लू मूठभर खातं, बचत किरकोळ आणि जोखीम मोठी. त्यापुढच्या स्टार्टरमध्ये मक्याचा पाव हिस्सा बदला. फिनिशरमध्ये निम्म्यापर्यंत जा. फॉर्म्युला पचनीय अमिनो आम्लांवर बसवणारा जाणकार सोबत असेल तर पूर्ण मकाही काढता येतो. बदल एका दिवसात करू नका, तीन-चार दिवसांत सरकवत न्या. आणि पहिल्यांदा एकाच शेडला द्या, दुसरी मक्यावर ठेवा, म्हणजे तुलना हवामानाशी न होता खाद्याशी होईल.

भावाचं गणित कसं करायचं? मालदांडी घालावी का?

मालदांडी नको. मंगळवेढ्याची ही ज्वारी भौगोलिक मानांकन मिळालेलं माणसाचं अन्न आहे, तिचा भाव खाद्याला परवडत नाही. हायब्रीडचंही गणित दरवेळी जमत नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरवला, मक्याचा २,४००. चांगली ज्वारी हमीभावाने मक्यापेक्षा कितीतरी महाग आहे. म्हणजे खाद्यात परवडणारी ज्वारी बहुतेक वेळा उतरलेलीच असते, आणि म्हणूनच तपासणीवर इतका जोर दिला आहे.

हिशेब असा करा : क्विंटलभर ज्वारीचा भाव, अधिक तिच्यासोबत लागणारं जास्तीचं तेल, लायसिन, मेथिओनिन, अधिक साफसफाईतली घट, अधिक प्रयोगशाळेचं शुल्क. ही बेरीज मक्याच्या पोचत्या भावापेक्षा कमी येत असेल तरच घ्या. घट मोजायला विसरू नका. डागी मालात खडे, काणीचे काळे गोळे आणि पोचट दाणे चाळणीवर चांगलेच निघतात.

साठवताना काय सांभाळायचं?

ओलावा १२ टक्क्यांच्या आत असू द्या. मॉइश्चर मीटर नसेल तर बाजार समितीत किंवा गोदामात मोजून मिळतो. ज्वारीला सोंडे लवकर लागतात, आणि किडा लागला की गोदामात उष्णता-ओल वाढून बुरशी येते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि दळलेली ज्वारी पंधरा दिवसांत संपवा. नवा लॉट आला की त्याचा अर्धा किलो नमुना तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून बरणीत ठेवा. बॅचमध्ये मरतूक किंवा वजनात घट दिसली तर प्रयोगशाळेला द्यायला तोच नमुना हाताशी लागतो.